तालमीचा खर्च

नाटकाचा प्रयोग सर्वांना दिसतो. तालीम कोणालाच दिसत नाही. प्रयोगाला तिकीट लावता येते, यजमान मिळतो, प्रसंगी सरकारी अनुदानही मिळते. परंतु तो प्रयोग करण्याजोगा नट तयार व्हावयास जी चार-पाच वर्षे लागतात, त्या वर्षांत त्याच्या अन्नवस्त्राचा, त्याला शिकविणाऱ्या गुरूच्या वेतनाचा आणि तालमीच्या जागेचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. विद्यापीठांतील नाट्यविभागांना पैसा अपुरा पडतो अशी तक्रार आज आपल्याकडे आणि परदेशांतही ऐकू येते. ही तक्रार नवी नाही. तिला किमान तीन शतकांचा इतिहास आहे. आणि तो एका ठिकाणी उभा राहून पाहावयाचा असेल, तर तमिळ देश आणि त्याची राजधानी मद्रास, म्हणजे १९९६ पासूनचे चेन्नई, यांच्याइतके सोयीचे स्थान दुसरे नाही. कारण या प्रश्नाची जितकी उत्तरे मनुष्याला सुचू शकतात, तितकी बहुतेक सर्व तेथे करून पाहिली गेली आहेत. त्यांपैकी अगदी आरंभीच्या एका उत्तरात मराठी राज्यकर्त्यांचा वाटा मोठा होता.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर येथे आपले राज्य स्थापिले. त्यांचे पुत्र शहाजी राजे १६८४ मध्ये गादीवर आले आणि १७१२ पर्यंत त्यांनी राज्य केले. या राजाने तेलुगूत यक्षगाने रचिली, पाच भाषांतील पात्रे एकत्र आणणारे ‘पंचभाषाविलास’ लिहिले आणि मराठीतही नाटके लिहिली. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे १६९० च्या आसपासचे मानले जाते. म्हणजे सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सादर केले, त्याच्या दीडशे वर्षे आधीचे. पुढे दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक रचिले गेले. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी डोंगरी स्त्री. तिच्या मुखाने या नाटकात चक्क पृथ्वीचा भूगोल सांगितला आहे. युरोपीय विद्येशी परिचय असलेल्या राजाची जिज्ञासा आणि दरबारातील नृत्यनाट्य यांचा हा संयोग आजही कुतूहल वाटावे असाच आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने ग्रंथांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. नर्तकी, वादक, नट्टुवनार म्हणजे नृत्यगुरू, हे दरबाराचे वेतनदार होते. त्यांना मिळणारा पैसा एकेका प्रयोगाची बिदागी नव्हता. तो वर्षभराच्या चरितार्थाचा होता. ज्या दिवशी दरबार भरत नसे, त्या दिवशीही शिकणे आणि शिकविणे चालू असे. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंना सरफोजी राजांचा आश्रय लाभला आणि त्यांनी भरतनाट्यम्‌च्या अध्यापनाला जो क्रम लावून दिला, तो आजही बहुतांशी चालतो. असा क्रम बसविण्यास जे स्वास्थ्य लागते, ते त्या वेतनाने दिले.

तंजावरपासून जवळच मेलट्टूर नावाचे गाव आहे. तेथील व्यवस्था याहूनही जुनी आणि याहूनही चिवट ठरली. मराठ्यांच्या पूर्वीचे नायक राजे अच्युतप्पा यांनी ५१० ब्राह्मण कुटुंबांना घरे व जमिनी दिल्या, अशी परंपरा आहे. या कुटुंबांतून ‘भागवत मेळा’ ही नाट्यपरंपरा चालत आली. वैशाखात नृसिंहजयंतीला ‘प्रल्हादचरित्र’ व त्यानंतर इतर नाटके होतात. संहिता तेलुगू, त्याही मुख्यत्वे मेलट्टूरच्याच वेंकटराम शास्त्रींच्या. पात्रे सर्व पुरुष. भूमिका पुष्कळदा वंशपरंपरेने आलेल्या. येथे राजाने नाटकासाठी रोख रक्कम दिली नाही, जमीन दिली. जमिनीचे उत्पन्न दरवर्षी येते आणि ते कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. राजा बदलला, राजवंश बदलला, तरी पित्याने पुत्राला शिकविण्याचे काम थांबले नाही.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्यातील अन्याय मात्र विसरता कामा नये. जमीन एकाच जातीच्या पुरुषांना मिळाली. दरबार आणि देवालय यांच्या आश्रयाने नाचणाऱ्या स्त्रियांना त्या आश्रयाची किंमत आपल्या स्वातंत्र्याने मोजावी लागली. मद्रास प्रांतात देवदासी अर्पण करण्याची चाल १९४७ च्या कायद्याने बंद झाली, ती योग्यच झाली. परंतु जुना दाता गेल्यावर विद्येचा भार पेलणारा नवा दाता त्याच कायद्याबरोबर जन्मास आला नाही, हेही तितकेच खरे.

१८५५ साली दुसरे शिवाजी राजे पुत्रसंतान न ठेवता वारले आणि कंपनी सरकारने तंजावरची राजसत्ता संपुष्टात आणली. योगायोग असा की महाराष्ट्रातही याच सुमारास असेच घडले होते. सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८५१ मध्ये निवर्तले आणि भाव्यांचा राजाश्रय तुटला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरण्याचा मार्ग धरिला आणि १८५३ साली मुंबईस तिकीट लावून प्रयोग केले. राजाची जागा तिकिटाच्या खिडकीने घेतली. दक्षिणेतही तेच झाले. मराठी आणि पारशी मंडळ्या तमिळ देशात फिरू लागल्या. त्यांचे खेळ पाहून तेथे व्यावसायिक कंपन्या निघाल्या. तंजावरचे मराठीभाषक गृहस्थ गोविंदसामी राव यांची ‘मनमोहन नाटक कंपनी’ ही त्यांतील आरंभीची म्हणून तमिळ रंगभूमीच्या इतिहासात नाव मिळवून आहे.

तिकिटाची खिडकी प्रयोगाचा पैसा देते. तालमीचा देत नाही. मग नट घडविले कसे? याचे उत्तर तमिळ देशात ‘बाल कंपन्यां’नी दिले. शंकरदास स्वामिगळ (१८६७ ते १९२२) यांनी १९१८ साली मदुरैस मुलांची नाटक मंडळी काढली. लहान मुले घरून आणावयाची, त्यांना कंपनीतच जेवूखाऊ घालावयाचे, पहाटेपासून गाणे, पाठांतर आणि अंगविक्षेप यांची शिकवण द्यावयाची आणि रात्री त्यांच्याकडूनच नाटक करवून घ्यावयाचे, अशी ही पद्धत होती. आपल्याकडील किर्लोस्कर, गंधर्व इत्यादी मंडळ्यांतील बालनटांची स्थिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. या शाळांतून टी. के. एस. बंधू निघाले, एम. जी. रामचंद्रन् निघाले, शिवाजी गणेशन् निघाले. शिक्षण कडक होते आणि पक्केही होते. पण त्याचा खर्च दिला कोणी? कंपनीच्या मालकाने नव्हे, त्या मुलांनी. त्यांचे शालेय शिक्षण, घर आणि बालपण ही या विद्येची फी होती. रामचंद्रन् यांच्यासारखी मुले रंगभूमीवर आली, ती घरच्या दारिद्र्यामुळे. आज कोणत्याही सुसंस्कृत राज्याला नाट्यशिक्षणाचा हा मार्ग पत्करता येणार नाही; आणि म्हणूनच, तो बंद झाल्यावर पडलेली पोकळी भरून काढण्याचे उत्तरदायित्व राज्यावर येते.

मद्रास शहरातील सुशिक्षितांनी निराळाच मार्ग काढला. १८९१ साली पम्मल संबंध मुदलियार यांनी ‘सुगुण विलास सभा’ स्थापिली. मुदलियार वकील होते, पुढे लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि त्यांनी नव्वदाहून अधिक नाटके लिहिली. नाटकवाल्याला घरात न घेणाऱ्या त्या समाजात वकील, डॉक्टर व सरकारी अधिकारी तोंडाला रंग लावून उभे राहिले, ही केवढी सामाजिक क्रांती! येथे पैशाचा प्रश्न सोपा होता. सभासदांची वर्गणी होती आणि नटांना पोट दुसऱ्या धंद्यावर भरता येत होते. ही हौशी परंपरा मद्रासेत पुढेही बहरली. के. बालचंदर हे महालेखापालांच्या कचेरीत काम करता करता नाटककार झाले. तेथील अनेक सभा-नाटके अशाच नोकरदार मंडळींच्या संध्याकाळांवर आणि रविवारांवर उभी राहिली.

परंतु हौस हे शिक्षण नव्हे. याचा बोलका दाखला ई. कृष्ण अय्यर यांच्या चरित्रात मिळतो. हे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक. सुगुण विलास सभेत ते स्त्रीभूमिका करीत. त्या भूमिकांसाठी नृत्य व अभिनय शिकण्याची निकड त्यांना भासली, तेव्हा ते शिकले मेलट्टूरच्या नटेश अय्यर यांच्यापाशी. राजधानीतील संपन्न सभेकडे रंगमंच होता, प्रेक्षक होते, प्रतिष्ठा होती. विद्या मात्र होती ती इनामाच्या जमिनीवर जगलेल्या एका खेड्यात. पुढे सभेची माउंट रोडवर स्वतःची इमारत झाली. कालांतराने ती संस्था मुख्यतः सभासदांचा क्लब म्हणून उरली. वर्गणीने वास्तू राखली, परंपरा राखली नाही.

कृष्ण अय्यर यांच्याच पिढीत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे कार्य सुरू झाले. पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै हे तंजावरच्या त्या चार बंधूंच्या वंशातील. त्यांच्यापाशी शिकून रुक्मिणीदेवींनी १९३५ च्या डिसेंबरात थिऑसॉफिकल सोसायटीच्या अड्यार येथील प्रांगणात नृत्य केले आणि १९३६ च्या जानेवारीत संस्था काढली. तीच ‘कलाक्षेत्र’ या नावाने प्रसिद्ध झाली. तंजावरच्या दरबारात ज्यांचे पोषण झाले, ती विद्या अशा रीतीने मद्रासच्या समुद्रतीरी शाळेत येऊन पोचली. कलाक्षेत्रात नृत्य आणि संगीत तर होतेच. पण कथकळीचे आचार्य चंदु पणिक्कर तेथे शिकवीत, मेलट्टूरचे बाळु भागवतर यांच्या साहाय्याने भागवत मेळ्यातील नाटके तेथे बसविली गेली आणि रामायणावरील सहा नृत्यनाट्यांची माला १९५५ पासून पंधरा वर्षांत पुरी झाली. अभिनयाचे इतके सांगोपांग शिक्षण देणारी दुसरी संस्था दक्षिणेत विरळा.

या संस्थेचा पैसा कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. देणगीदार होते, रुक्मिणीदेवींचा प्रभाव होता; पण तेवढ्यावर विसंबून न राहता १९३७ मध्येच तेथे विणकामाचा विभाग सुरू झाला. कलाक्षेत्राच्या रेशमी साड्या नावाजल्या गेल्या. मारिया माँटेसोरी अड्यारला राहिल्या होत्या. त्यांचे ग्रंथ कलाक्षेत्राने प्रकाशित केले. तरी संस्थेचे दिवस सुखाचे नव्हते. अड्यारची जागा सोडून १९६२ साली तिरुवान्मियूर येथील सुमारे १०० एकरांच्या आवारात तिला नवा संसार मांडावा लागला. रुक्मिणीदेवी १९८६ मध्ये निवर्तल्या आणि एका व्यक्तीच्या तपश्चर्येवर उभी असलेली संस्था तिच्यामागे चालवावयाची कशी, असा पेच पडला. तो संसदेने सोडविला. कलाक्षेत्र प्रतिष्ठान अधिनियम, १९९३ अन्वये ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली आणि तिच्या खर्चाची जबाबदारी केंद्र शासनाकडे आली. राजाची सनद गेली होती. कायद्याची सनद आली. मात्र ती मिळाली नृत्याला आणि संगीताला. बोलक्या तमिळ नाटकाचा विद्यार्थी त्या फाटकाबाहेरच राहिला.

त्याच्यासाठी देशाने काही केले नाही असे नाही. १९५३ साली संगीत नाटक अकादमी स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि तेलुगू नाटककार पी. व्ही. राजमन्नार होते. अकादमीने १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय काढले. पण ते दिल्लीस. तमिळ तरुणाने दिल्लीस जाऊन परक्या भाषेत अभिनय शिकावयाचा, हे फार थोड्यांना साधले. ज्यांना साधले, त्यांपैकी एस. रामानुजम् पुढे तंजावरच्या तमिळ विद्यापीठात नाट्यविभागात आले. ते विद्यापीठ १९८१ साली स्थापन झाले आणि त्या वेळी मुख्यमंत्री होते एम. जी. रामचंद्रन्, बाल कंपनीत वाढलेले तेच नट. पुदुच्चेरीच्या विद्यापीठातील प्रयोगकलांच्या विभागाला शंकरदास स्वामिगळांचे नाव दिले आहे. आपल्याकडे पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ चे आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी २००३ ची. म्हणजे नाट्यशिक्षण विद्यापीठांत आले, ते पुष्कळ उशिरा.

चेन्नईत ही उणीव एका खाजगी मंडळीने भरून काढण्याचा प्रयत्न केला. कथाकार न. मुत्तुसामी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली ‘कूत्तु-प्-पट्टरै’, म्हणजे नाट्याची कार्यशाळा, सुरू केली. पुरिसै गावचे कण्णप्प तंबिरान् यांच्यासारख्या तेरुकूत्तूच्या लोकनाट्य-गुरूंना त्यांनी शहरी तरुणांपुढे आणिले. १९८० च्या दशकात फोर्ड प्रतिष्ठानचे साहाय्य मिळाले आणि नटांना पूर्णवेळ वेतन देऊन शिकविता येऊ लागले. तमिळ नटाला तालमीसाठी पगार मिळावा, ही राजेरजवाड्यांनंतरची मोठी नवलाई होती. परंतु परदेशी प्रतिष्ठानांची अनुदाने ठराविक मुदतीची असतात. मुदत सरली की संस्थेने स्वावलंबी व्हावे, अशी अपेक्षा असते. आणि नाट्यशिक्षण, प्रामाणिकपणे चालविले तर, स्वावलंबी होत नाही. पट्टरैतून पशुपती, कलाराणी इत्यादी नट तयार झाले. तेथेच हिशेबनीस म्हणून काम केलेले विजय सेतुपती पुढे चित्रपटांत विख्यात झाले. कोडंबाक्कमच्या चित्रपटधंद्याला घडविलेली माणसे मिळाली; घडविणाऱ्या शाळेला त्या धंद्याच्या उत्पन्नात हक्काचा वाटा मिळाला नाही. मुत्तुसामींना २०१२ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. सन्मान व्यक्तीला मिळतो. त्याने तालमीच्या जागेचे भाडे भागत नाही.

चित्रपट किंवा नाटक यांच्या मिळकतीतून शाळेला वाटा देता येत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने लंडनकडे पाहावे. तेथील रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट ही शाळा १९०४ ची. बर्नार्ड शॉ यांनी आपल्या लेखनाच्या मानधनाचा एक तृतीयांश हिस्सा तिला मृत्युपत्राने दिला. १९५० साली ते वारले. १९५६ मध्ये त्यांच्या ‘पिग्मॅलियन’वर ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक निघाले आणि त्याच्या अफाट यशाचा लाभ या शाळेतील विद्यार्थ्यांना झाला. नाटकाने तालमीचे ऋण फेडल्याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही. पण त्या लेखनावरील हक्कांची मुदतही ब्रिटनमध्ये २०२० च्या अखेरीस संपली. आणि २०२१ साली इंग्लंडच्या सरकारने विद्यापीठांतील कलाविषयांना दरडोई मिळणारे पूरक अनुदान निम्म्यावर आणिले. सधन देशातही हा प्रश्न सुटलेला नाही.

याचे कारण या विद्येच्या स्वरूपातच आहे. शासकीय हिशेबाची एक स्वतःची भाषा असते. विद्यार्थी किती, शिक्षक किती, दरडोई खर्च किती, नोकऱ्या किती लागल्या, हे प्रश्न ती विचारते. ते विचारणे गैर नाही. सार्वजनिक पैशाचा जाब घेतलाच पाहिजे, हे माझ्यासारख्या शासकीय सेवकाने सांगावयास नको. परंतु शंभर विद्यार्थ्यांना एकाच वेळी इतिहास शिकविता येतो, तसा अभिनय शिकविता येत नाही. एका गुरूपुढे दहा-पंधरा शिष्य, हेच त्याचे प्रमाण आहे. त्याला रंगमंच हवा, दिवे हवेत, वेषभूषा हवी, आणि मुख्य म्हणजे ज्या काळात काहीही दाखवावयाचे नाही असा दीर्घ काळ हवा. दरडोई खर्चाच्या तक्त्यात असा विभाग नेहमीच महाग ठरतो. मग निवृत्त शिक्षकाची जागा भरली जात नाही, तासिका तत्त्वावर माणसे येतात आणि वर्षाअखेर एखादा प्रयोग झाला की विभाग जिवंत असल्याचा निर्वाळा दिला जातो.

इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली ही की शिक्षणाचा पैसा प्रयोगाच्या पैशाहून वेगळा आणि कायमचा असावा. मेलट्टूरची जमीन आणि कलाक्षेत्राचा कायदा, दोन्ही टिकाऊ ठरले ते या गुणामुळे. दुसरी ही की सर्वांत आधी गुरूचे वेतन निश्चित व्हावे. इमारत मागाहून आली तरी चालते, हे अड्यारमधल्या झाडाखालच्या वर्गांनी दाखविले आहे. तिसरी ही की घडविलेल्या नटांवर जे धंदे उभे आहेत, त्यांनी घडविण्याच्या खर्चात वाटा उचलावा. चेन्नई आणि मुंबई या दोन्ही नगरींत असे धंदे नांदत आहेत. आणि त्यांना ही मागणी जड जावी असे नाही.

हे न केल्यास काय होते, तेही तंजावरातच पाहावयास मिळते. सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांची मराठी नाटके हस्तलिखितांत सुरक्षित आहेत. त्यांतील काही छापूनही निघाली आहेत. अभ्यासक ती वाचतात. पण ती कोणत्या हावभावांनी, कोणत्या चालीवर आणि कोणत्या गतीने रंगभूमीवर उभी राहत, हे दाखवू शकेल अशी अखंड परंपरा उरली नाही. दरबारचे वेतन थांबले आणि पुढच्या पिढीला शिकविणारा कोणी राहिला नाही. तेथून हाकेच्या अंतरावर मेलट्टूरात मात्र दर वैशाखात स्तंभ दुभंगून नृसिंह आजही प्रकट होतो.